जाहिरातीत ७९९, घरी येईपर्यंत साडेतेरा हजार

वॉटर पार्कचं नाव लिहीत नाहीये. कर्जत, नेरळ, मुरबाड, भिवंडी या पट्ट्यात जी मधल्या साइजची पार्कं आहेत ना, जिथे मे महिन्यात ठाणे-नवी मुंबईची गर्दी लोटते, त्यातलं एक समजा. मोठ्या ब्रँडचं थीम पार्क नव्हे. सोसायटीतल्या बायकांशी बोलले तर जवळपास प्रत्येकीचा अनुभव थोड्याफार फरकाने असाच, फक्त पार्क वेगळं, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

आधीच सांगते, पैसे खर्च झाले म्हणून मी चिडलेली नाहीये. सुट्टीत मुलांना घेऊन बाहेर पडलं की पैसे जाणारच, ते धरूनच निघतो आपण. मला राग आलाय तो आकडा लपवण्याचा. पूर्ण दिवसाचा खर्च किती होणार हे मला घरी सोफ्यावर बसून कळायला हवं होतं, म्हणजे जायचं की नाही, कोणी जायचं, कोणी घरी थांबायचं हे आम्ही ठरवलं असतं. इथे तो आकडा तुकड्या-तुकड्याने कळतो आणि प्रत्येक तुकडा बरोबर अशा जागी कळतो जिथून मागे फिरता येत नाही. पोरं कपडे बदलून उभी आहेत, गाडी पार्किंगमध्ये लागली आहे, तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, आता काय करणार, द्या पैसे. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसला प्रकार.

आम्ही ठाण्यातल्या वर्तकनगरचे. जाणारे होतो मी, नवरा, सासू-सासरे, नणंद, माझी लेक, तिचा धाकटा भाऊ आणि नणंदेचं दीड वर्षाचं बाळ. सासूबाई-सासरे पाण्यात उतरणार नव्हते हे पहिल्यापासून ठरलेलं, पण नातवंडं खेळताना बघायची हौस दोघांना, आणि सगळे गेल्यावर ते दोघं घरी एकटे कशाला म्हणून त्यांनाही घेतलं. रविवारच मिळाला कारण नवऱ्याला आणि नणंदेला तोच सुट्टीचा वार.

जाहिरात आली होती मोबाईलवर, '७९९ पासून', मोठ्या पिवळ्या अक्षरात. 'पासून' हा शब्द बारीक. नवऱ्याने लगेच हिशेब केला, बाळ सोडून सात जण, साडेपाच हजारांच्या आसपास, वर खाणं-पिणं धरून आठ-साडेआठ हजारांत दिवस निघेल. मग वेबसाइटवर गेलो तर कळलं की ७९९ हा सोमवार ते शुक्रवारचा, तोही मुलांच्या तिकिटाचा दर. रविवारी मोठ्यांना ११९९ आणि मुलांना ८९९. ठीक आहे, वीकेंडला जास्त असणार हे समजू शकते. पाच मोठे आणि दोन मुलं म्हणजे ७७९३ झाले. सगळ्यांची नावं भरली, वयं भरली, मोबाईल नंबर, ओटीपी, आणि मग पेमेंटच्या पानावर गेल्यावर त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे आणखी चौदाशे. वॉटर पार्कच्या तिकिटावर जीएसटी असतो हे मला मान्य आहे, उलट आधी तो २८ टक्के होता आणि २०१८ च्या जानेवारीत १८ वर आला, म्हणजे सरकारने कमीच केलाय. पण मग तो पहिल्या पानावरच्या दरात धरून का नाही दाखवत? दुकानात बिस्किटाचा पुडा घेतो तेव्हा त्यावर छापलेल्या किमतीत सगळे कर आलेले असतात, तशीच सवय आहे आपल्याला. त्यानंतर तिकिटामागे ३० रुपये कन्व्हिनियन्स फी आणि त्या फीवर परत जीएसटी. आणि खाली एक मील कूपनचं खोकं आधीच टिक करून ठेवलेलं, ते लेकीच्या लक्षात आलं म्हणून काढलं, नाहीतर आणखी दोनेक हजार गेले असते. शेवटी तिकिटांचेच ९४४४ रुपये झाले.

हे जे आहे ना, यावर नियम आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांबद्दल, गाइडलाइन्स काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत, आणि त्यातले दोन तर अगदी आमच्याच बुकिंगचं वर्णन केल्यासारखे आहेत. किंमत आधी अर्धवट सांगायची आणि बाकीची पुढे पुढे टपकवत न्यायची, त्याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात. आणि गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या टोपलीत वस्तू टाकायची ते बास्केट स्नीकिंग. या दोन्ही गोष्टी चालत नाहीत असं त्यात स्पष्ट आहे. म्हणून बुकिंग करताना प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पहिल्या पानावर काय दर होता आणि शेवटच्या पानावर काय झाला हे दाखवता आलं पाहिजे.

गेटवर पोचल्यावर पहिला धक्का. तिकीट खिडकीच्या वर फळ्यावर दर लिहिलेले, त्यात एक ओळ, 'नॉन-स्विमर ५९९'. म्हणजे जे पाण्यात उतरणार नाहीत त्यांच्यासाठी अर्ध्या दराचं तिकीट होतं! वेबसाइटवर हा पर्यायच नाही. मी खिडकीवर गेले, म्हटलं दादा आमचे दोघं ज्येष्ठ नागरिक आहेत, पाण्यात जाणार नाहीत, तर म्हणे मॅडम ऑनलाइन घेतलेलं चेंज होत नाही, नॉन-स्विमर फक्त गेटवर मिळतं. ऑनलाइन घेतलं तर गर्दीत तिकीट नक्की मिळेल हे यांचंच वाक्य, आणि ऑनलाइन घेतलं म्हणून यांनीच जास्त घेतले. वेबसाइटवर वर मोठा बॅनर होता ज्येष्ठ नागरिकांना २० टक्के सूट म्हणून, त्याला बारीक चांदणी, ती चांदणी पार तळाशी नेते आणि तिथे लिहिलंय की फक्त सोमवार ते शुक्रवार. दोघांच्या तिकिटात बाराशेचा फरक, वर त्याचा जीएसटी. आणि त्या पूर्ण तिकिटात सासूबाईंना काय मिळालं, तर एक प्लॅस्टिकची खुर्ची, तीही दुपारी बारानंतर उन्हात आली. सावलीतल्या खुर्च्या आणि छत्र्या होत्या, त्यांचे वेगळे पैसे. सासूबाई म्हणाल्या राहू दे गं, पदर घेते डोक्यावर. मला फार वाईट वाटलं ते ऐकून, खरंच सांगते.

मग बॅग चेकिंग. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. हे आम्हाला माहीत होतं, वेबसाइटवर लिहिलेलं होतं, तक्रार त्याची नाही. पण सासऱ्यांना डायबेटिस आहे, त्यांना साडेबाराला गोळी आणि त्यावर खाणं लागतंच, म्हणून सासूबाईंनी त्यांच्यापुरते चार धपाटे, दाण्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर घेतली होती. गार्ड म्हणे, मेडिकल असेल तर प्रिस्क्रिप्शन दाखवा. आता वॉटर पार्कला निघताना कोण फाइल घेऊन जातं? सासरे बिचारे ओशाळले, चारचौघांत आपल्या आजाराचा पुरावा द्यायचा म्हणजे काय. मी जरा आवाज चढवला तेव्हा सुपरवायझर आला, त्याने ग्लुकोजच्या बिस्किटांचा एक पुडा न्यायला परवानगी दिली, डायबेटिसच्या माणसाला ग्लुकोजची बिस्किटं. बाळाचा मऊ भाताचा डबा झाकण उघडून दाखवल्यावर सोडला. पाण्याच्या बाटल्या मात्र सगळ्या ठेवून घेतल्या, बाळाची सिपरसुद्धा रिकामी करायला लावली.

सिनेमा हॉलच्या केसमध्ये २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की हॉलच्या मालकाला बाहेरचं खाणं बंद करता येतं, पण पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि लहान बाळासाठी आई-बापाने आणलेलं खाणं अडवू नये. तो निकाल सिनेमा हॉलबद्दल आहे, वॉटर पार्कबद्दल नाही, पण त्यामागचा विचार साधा माणुसकीचा आहे आणि मे महिन्याच्या उन्हात आठ तास माणसं कोंडून ठेवणाऱ्या जागेला तर तो जास्तच लागू व्हायला हवा. आत पाण्याचा कूलर होता. एक. टॉयलेटच्या भिंतीला लागून, आणि नळातून पाणी गरम येत होतं.

डबे गेटवर क्रेटमध्ये ठेवले, टोकन दिलं. पत्र्याची शेड, खाली क्रेटवर क्रेट. संध्याकाळी परत घेतले तेव्हा कोशिंबीर फसफसली होती, झाकण उघडताच आंबूस वास, धपाट्यांनाही तोच वास लागलेला. सगळं टाकून दिलं. सकाळी पाचला उठून केलेले होते ते.

आता कॉश्च्युम. वेबसाइटवर लिहिलं होतं 'योग्य स्विमवेअर आवश्यक', बस एवढंच. आणि फोटोत बायका टी-शर्ट लेगिंग्जमध्येच दिसत होत्या, म्हणून मी, नणंद आणि लेक टी-शर्ट लेगिंग्ज घेऊन गेलो. आत चेंजिंग रूमच्या दारात एक ताई उभी, ती कापड चिमटीत धरून बघते. कॉटन आहे, चालणार नाही. तिघींचं नाही. नियमामागे कारण आहे हे मला मान्य, कॉटनचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, रंग उतरतो, ओलं झाल्यावर कापड जड होतं आणि स्लाइडच्या सांध्यात अडकायची भीती असते. मग सांगा ना तसं सरळ, 'फक्त नायलॉन किंवा लायक्रा, कॉटन चालणार नाही', दहा शब्द लागत नाहीत. घरी माहीत असतं तर ठाण्यात जांभळी नाक्याला जाऊन विकतच घेतले असते, पुढच्या वेळीही कामाला आले असते. इथे १५० रुपये भाडं आणि २०० डिपॉझिट, एकेकीचं. तिघींचे साडेचारशे गेले आणि सहाशे अडकले. आणि कॉश्च्युम कसला, तर आधीच्या कोणीतरी घालून नुसता पिळून दिलेला, ओला गार, नणंदेच्या पँटचं इलॅस्टिक पार सैल. ती म्हणाली वहिनी ही खाली येणार. बदलून मागितला तर त्या साइजचा हाच शिल्लक. शेवटी पर्समधली सेफ्टी पिन लावून दिली तिला, दिवसभर ती एका हाताने पँट धरून होती. हे लक्षात ठेवा, याचा पुढे संबंध आहे.

लॉकर १५० आणि डिपॉझिट २००. एका लॉकरमध्ये आठ माणसांचं सामान मावत नाही, फार खोल नाही तो, चपला ठेवल्या की संपला, म्हणून दोन घ्यावे लागले. चेंजिंग रूमबद्दल एवढंच, आत कपडे टांगायला खुंट्या नाहीत. एकही नाही. ओल्या फरशीवर उभं राहून एका खांद्यावर कोरडे कपडे, एका काखेत टॉवेल, आणि बाळ हातात, असं नणंद उभी होती. दीड वर्षाच्या मुलाचे कपडे बदलायला साधा कट्टा नाही. जो कोणी हे बांधतो त्याने एकदा लहान मूल घेऊन तिथे जाऊन बघावं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आता सांगते, ती पैशाची आहे पण नुसती पैशाची नाही. माझा मुलगा पहिलीत आहे, उंची ३ फूट ८ इंच. या पार्कात ३ फुटांच्या वर उंची असली की तिकीट लागतं. बरोबर आहे, ८९९ भरले. पण मोठ्या स्लाइड्सना किमान उंची ४ फूट. म्हणजे ३ ते ४ फुटांमधलं जे मूल आहे, साधारण चार ते सात वर्षांचं, जे वॉटर पार्कच्या नावाने आठवडाभर झोपत नाही, त्याच मुलाकडून तिकीट घ्यायचं आणि त्याला एकही मोठी स्लाइड द्यायची नाही. हे तिकिटावर नाही, वेबसाइटच्या दराच्या पानावर नाही, राइडच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर कळतं. पायऱ्या चढून! खाली नाही लावलेली ती उंची मोजायची पट्टी, वर लावली आहे, अर्धा तास रांगेत उभं राहून, तापलेल्या लोखंडी जिन्याने तीन मजले वर गेल्यावर. पट्टीवर एक रंगवलेला जिराफ आहे आणि त्याच्या मानेजवळ ४ फुटांची लाल रेघ. मुलगा पाठ टेकवून उभा राहिला, मग टाचा उचलल्या, मग तिथे उभ्या असलेल्या पार्कच्या पोराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच खाली दाबलं. डोक्याच्या वर बोटभर नाही, चांगली चार इंच जागा रिकामी होती. तो काही बोलला नाही. परत जिना उतरताना, वर येणाऱ्या रांगेतून वाट काढत, त्याने माझा हात धरला आणि विचारलं, आई मग माझं तिकीट कशाला काढलं?

सुरक्षेसाठी उंचीची अट हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या पोराने त्याला अडवलं हे त्याने योग्यच केलं. पण मग ४ फुटांखालच्या मुलांचं तिकीट वेगळं ठेवा, निम्मं ठेवा, आणि दरपत्रकावर लिहा की एवढ्या उंचीला या या राइड मिळतील. तिकिटाची उंची आणि राइडची उंची यांच्यामध्ये जो एक फूट आहे ना, त्यात यांची कमाई आहे.

मुलांचा वेगळा पूल आहे, घोट्याभर पाणी, एक मशरूम, एक बादली जी भरली की उपडी होते. त्यात तो रमला, नाही असं नाही. पण तसला पूल आमच्या मैत्रिणीच्या सोसायटीत आहे घोडबंदरला.

बाकीच्या राइड्सबद्दल थोडक्यात. बोर्डावर होत्या त्यातल्या बऱ्याच बंद, दोरी बांधून 'मेंटेनन्स' लिहिलेलं. रविवारी, मे महिन्यात, सीझनच्या ऐन भरात मेंटेनन्स. बंद राइड्सची यादी गेटवर लावली तर लोक ठरवू शकतील. लेझी रिव्हरला, म्हणजे संथ वाहत्या पाण्यात तरंगत जायचं तिथे, ट्यूब शंभर रुपये वेगळी, दोन घेतल्या. ट्यूबशिवाय लेझी रिव्हरमध्ये करायचं काय, नुसतं कमरेएवढ्या पाण्यात चालत राहायचं? वेव्ह पूल छान आहे, लाटा खऱ्या समुद्रासारख्या वाटतात, पण तासातून दहाच मिनिटं चालू, बाकी वेळ साधं डबकं. आणि एका राइडवरून दुसरीकडे जायच्या वाटा सिमेंटच्या, वर सावली नाही, पाण्याचा फवारा नाही, चप्पल घालायला बंदी. दुपारी पोरं अक्षरशः उड्या मारत पळत होती, लेकीच्या तळव्याला घरी आल्यावर फोड दिसला. साधं काथ्याचं पायपोस टाकायला किती खर्च येतो.

लाइफगार्ड मात्र उत्तम. हे लिहायलाच पाहिजे. वेव्ह पूलपाशी एक मुलगी होती, विशी-बाविशीची, शिट्टी तोंडात, एक क्षण मोबाईलकडे बघितलं नाही तिने. लाटा सुरू झाल्या की खोल बाजूला एकट्या गेलेल्या मुलांना बोटाने दाखवून दाखवून मागे आणत होती, आणि एका बाप्याला, जो खांद्यावर लहान मूल घेऊन आत चालला होता, सरळ पाण्यात उतरून परत आणलं. तो तिच्यावर ओरडला तरी ती हलली नाही. अशा माणसांना पार्कवाले काय देतात माहीत नाही, पण आमचा विश्वास तिच्यामुळे टिकला.

पाण्याबद्दल एक गोष्ट. क्लोरीनचा वास एवढा की नाक झोंबत होतं, सासरे म्हणाले चला, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवलंय. तसं नसतं. क्लोरीन जेव्हा घाम आणि लघवीशी मिसळतं तेव्हा त्यातून क्लोरामाइन तयार होतात, तो उग्र वास त्यांचा, डोळे चुरचुरतात तेही त्यांनीच. चांगल्या राखलेल्या पुलाला एवढा वास येत नाही. म्हणून तर आधी शॉवर घेऊन मग पाण्यात उतरा असं सांगतात, इथे शॉवरची पाटी होती, शॉवर कोरडा. भिंतीवर पाण्याच्या तपासणीचा तक्ता लावला होता, पीएच (म्हणजे पाणी किती आम्ल ते), क्लोरीन, वेळ, सही असे रकाने आखलेले. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये लागतो, तो तिथे छापलेलाही होता. त्या दिवसाची ओळ कोरी. रात्री दोन्ही मुलांचे डोळे लाल.

खाणं. रोख चालत नाही, यूपीआय चालत नाही. आज भाजीवाला यूपीआय घेतो. इथे कार्ड घ्यायचं, ५० रुपये कार्डाचे, ते परत नाहीत, आणि ५०० च्या पटीत पैसे भरायचे. अडीच हजार भरले. वडापाव ६०, पावभाजी १९०, थाळी २८०, चहा ४०. ठाणे स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव खाल्ला की माणसाचं पोट भरतं, इथला वडा लिंबाएवढा आणि पाव कालचा, पैसे मात्र हॉटेलचे. थाळी सासू-सासऱ्यांसाठी घेतली, रांगेत नंबर येईपर्यंत सव्वा वाजला, म्हणजे साडेबाराची गोळी पाऊण तास उशिरा. बिस्किटावर घेऊ नका म्हटलं, थांबले बिचारे.

पाण्याची बाटली. छापलेली किंमत २०, घेतले ४०. मी विचारलं एमआरपी २० आहे ना, तर मागून आवाज, मॅडम पार्कमध्ये हाच रेट आहे. पॅकबंद वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, हा वजनमापांच्या २०११ च्या नियमांतला भाग आहे. २०१८ पासून तर एकाच मालावर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायलाही बंदी आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसवून सेवा देतात तिथे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय, आणि पार्कवाले त्याच्याच आड लपतात. पण इथे कोणती सेवा दिली? डीप फ्रीझरमधून बाटली काढून पत्र्याच्या काउंटरवरून सरकवली, ग्लास नाही, टेबल नाही, बसायला जागा नाही. स्वतःच्या बाटल्या गेटवर काढून घ्यायच्या, कूलरचं पाणी गरम ठेवायचं आणि बाटली दुप्पट भावात विकायची. आठ बाटल्या लागल्या आम्हाला. त्याचं बिलही मिळालं नाही, मशीनमधून नुसती कार्डाचा बॅलन्स दाखवणारी चिठ्ठी आली. तिचा फोटो आणि बाटलीवरच्या छापील किमतीचा फोटो मी काढून ठेवला.

मध्ये फोटोवाला येऊन गेला. पोरं पाण्यात असताना न विचारता फोटो काढतात, संध्याकाळी बाहेर जायच्या वाटेवर सगळे फोटो टांगलेले, ३०० ला एक. लेकीचा फोटो खरंच सुंदर आला होता, घेतला.

संध्याकाळी डिपॉझिटचा काउंटर. पार्क सहाला बंद, काउंटरही सहाला बंद, खिडकी एक, आणि सगळे लोक साडेपाचला बाहेर येणार हे रोजचं. ओल्या केसांनी, थकलेल्या पोरांना घेऊन रांगेत उभे. माझ्यापुढच्या एका काकांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि जाऊ दे म्हणून पावती खिशात घालून निघून गेले, त्यांची बस सुटत होती. किती लोक असे जात असतील. आमचा नंबर आला, तर त्या माणसाने नणंदेच्या पँटचं इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणलं आणि म्हणाला मॅडम, इलॅस्टिक गेलंय, डिपॉझिट कट होणार. सेफ्टी पिन अजून तिथेच होती, मी दाखवली, म्हटलं दादा सकाळपासून सैल आहे म्हणून तर पिन लावली, पिन कोण हौसेने लावतं? तर म्हणे पिन लावलीत म्हणजे कापडाला भोक पडलं, तेही डॅमेजमध्येच येतं. दोनशे गेले. देताना कॉश्च्युम कसा होता याची नोंद नाही, फोटो नाही, काही नाही, घेताना मात्र तपासणी. नणंदेच्या डोळ्यात पाणी आलं, ती म्हणत होती वहिनी सोड, मी देते पैसे. मी तिला म्हटलं तुझी काय चूक आहे गं यात.

कार्डात ११० रुपये उरले होते. २०० च्या खालचा बॅलन्स परत मिळत नाही, आतून आइसक्रीम घ्या म्हणाला. आतले स्टॉल बंद करून माणसं फरशी धूत होती.

तर तिकिटं ९४४४. पार्किंग १००, कॉश्च्युमचं भाडं ४५०, लॉकर ३००, ट्यूब २००, खाणं-पाणी २३४०, कार्ड ५०, फोटो ३००, कापलेलं डिपॉझिट २००, अडकलेला बॅलन्स ११०. सगळे मिळून १३,४९४. पेट्रोल यात नाही.

जाणार असाल तर आधी फोन करा, वेबसाइटवर विसंबू नका. तुम्ही ज्या वाराला जाणार त्या वाराचा, जीएसटीसकट, माणशी किती हे विचारा. पाण्यात न उतरणाऱ्यांचं तिकीट वेगळं आहे का आणि ते ऑनलाइन मिळतं का, नसेल तर त्यांचं तिकीट गेटवरच घ्या. मुलाची उंची घरी भिंतीला उभं करून मोजा आणि त्या उंचीला कोणत्या राइड चालतात ते नावं घेऊन विचारा. कापड नायलॉनच लागतं हे धरूनच चला. घरात कोणाला डायबेटिस असेल तर प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, वाईट वाटतं असं करायला पण अडत नाही मग. कॉश्च्युम हातात घेतल्या घेतल्या काउंटरवरच त्याचा व्हिडिओ काढा, त्यांच्या माणसासकट. आणि डिपॉझिटच्या खिडकीवर पाचच्या आत जा, पोरं कितीही म्हणोत अजून एक राइड.

मी पार्कला मेल केलाय, फळ्याचा फोटो, तिकिटं, बाटलीचा फोटो, सगळं जोडून. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला पण तक्रार नोंदवली, फोनवर मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मेसेजवर येतो. तेवढ्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. पार्कचं उत्तर आलं, डिपॉझिटचे दोनशे 'गुडविल' म्हणून पुढच्या भेटीचं व्हाउचर देतो म्हणाले. मी नाही म्हणून कळवलं, पैसे खात्यात द्या म्हटलं. नॉन-स्विमर तिकिटाच्या फरकाबद्दल त्या मेलमध्ये अवाक्षर नाही, म्हणून पुन्हा लिहिलंय. तुमच्यापैकी कोणाला असा फरक एखाद्या पार्ककडून परत मिळाला असेल तर नक्की सांगा, मेलमध्ये काय लिहिलं होतं आणि किती दिवस लागले ते पण.